बाटलीच्या गळ्यातला दोरा

फिकुनचा हात हलका, हे सगळी लॅब कबूल करायची. दुसऱ्या कुणी हात लावला की ज्या पेशी रुसून मरायच्या, त्याच फिकुनच्या हाताखाली बाळसं धरायच्या. त्यात जादू काही नव्हती. बाई घाई करायची नाही, आणि बाटल्यांशी बोलायची. हो, बोलायची! "चला, पाणी बदलते हं, जरा गार लागेल, कुरकुर करू नका." पहिल्या वर्षी पोरंपोरी मागून फिदीफिदी हसली. मग ज्यांच्या बाटल्यांना दर आठवड्याला बुरशी यायची, तेही दार लोटून हळूच काहीतरी पुटपुटायला लागले. थायलंडच्या ईशान्येकडल्या ईसान मुलखाची माणसं ती. भाताच्या खाचरात पाय टाकायचा तरी तिथल्या राखणदाराला विचारून टाकणारी. अंगात पांढरा कोट घातला म्हणून आतला माणूस थोडाच बदलतो?

गाव तिचं ची नदीच्या काठी, शहरापासून बसने तासाभरावर. बाप पिवळा होऊन गेला, चुलता पिवळा होऊन गेला. त्या गावात माणूस म्हातारा होऊन मरत नाही, पिवळा होऊन मरतो. कारण सगळ्यांना पाठ आहे. नदीतली छोटी मासळी कच्चीच बारीक चिरायची, लिंबू पिळायचं, तिखट घालायचं, भाजलेल्या तांदळाची पूड टाकायची आणि चिकट भाताच्या गोळ्याबरोबर हाणायची. त्या मासळीत एक चपटा किडा असतो. तो पित्ताच्या नळीत जाऊन वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, आणि एक दिवस तिथे कॅन्सर उभा राहतो. शाळेच्या भिंतीवर चित्रं आहेत, आरोग्यसेविका घसा फोडून सांगते, आणि तरी खातात! बापाच्या तेराव्याला— म्हणजे तिकडे जे काही घालतात त्या जेवणाला— तेच ताट मांडलं होतं. सांगा आता, काय बोलायचं?

फिकुनचा धाकटा भाऊ खामसिंग तर त्यातला पुढारी. मोटारसायकली दुरुस्त करायचा, हात काळे आणि तोंड कायम चालू. फिकुन चिडली की म्हणायचा, "ताई, लिंबू पिळलंय, वर पावशेर दारू ओततोय. आतला किडा जगेल कसा? झिंगून पडला असेल बिचारा."

"तो झिंगत नाही. तू झिंगतोस."

"मग दोघंही मजेत आहोत की!" असं म्हणून शेजारच्या बुनथानच्या पाठीत थाप मारायचा. बुनथान त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, एका ताटात जेवणारा.

चाळिशीच्या आत खामसिंगचे डोळे पिवळे झाले. ज्या मेडिकल कॉलेजात फिकुन कामाला, तिथेच त्याचं ऑपरेशन ठरलं. काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनाला द्याल का, असं विचारायला आलेल्या डॉक्टरला तो म्हणाला, "घ्या हो, घ्या. मी काही कॉलेजात गेलो नाही. तो तुकडा तरी जाऊ दे."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बर्फाची पेटी घेऊन फिकुनच उभी होती. नियम असा की तुकड्यावर नाव नसतं, नुसता आकडा. नियम असाही की आपल्या नात्यातल्या माणसाचा तुकडा आपण सांभाळायचा नाही, तसं सांगून टाकायचं. पण त्या सकाळी पित्ताच्या नळीचं ऑपरेशन एकच होतं, आणि आकड्याआड कोण आहे हे फिकुनला न सांगता कळत होतं. तिने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पेटी लॅबमधल्या घाईगर्दी करणाऱ्या नव्या पोराच्या हाती गेली असती आणि तुकडा आठवड्यात वाळून गेला असता. आपल्या भावाचं लेकरू शेजारणीकडे टाकावं तसं तिला ते वाटलं.

पेशी धरल्या. बाटलीच्या तळाशी पसरल्या, एकमेकींना चिकटल्या, गुलाबी पाणी दोन दिवसांत पिऊन पिवळं करायला लागल्या. खाल्लं की पाणी पिवळं होतं, सगळ्याच पेशींचं होतं, त्यात काही नवल नाही. पण हे पिवळं बघताना फिकुनला बापाचे डोळे आठवायचे.

लॅबच्या प्रमुख आचान रासमी. आचान म्हणजे तिकडे गुरू, प्राध्यापक, सगळंच. बाई हुशार आणि मनाने मोकळ्या. नव्या पोरांना शिकवताना त्या सांगायच्या, "औषध दिलं की बहुतेक पेशी मरतात. पण थोड्या मुळाच्या पेशी असतात. त्या गप्प पडून राहतात आणि आत आलेलं औषध पंप लावल्यासारखं बाहेर फेकतात. आपण समजतो संपलं, आणि सहा महिन्यांनी त्याच सगळं रान पुन्हा उभं करतात. आता, हा पंप बांधायचा हुकूम एका जनुकाकडून निघतो. जनुक जागचं हलत नाही, त्याचा निरोप्या निघतो. आपण तो निरोप्या वाटेतच गाठायचा आणि संपवायचा. जनुक ओरडतंय, पण कुणाला ऐकू जात नाही. पंप बांधला जात नाही. मग औषध द्यायचं."

"म्हणजे जनुकाचं तोंड दाबायचं," एक पोरगी म्हणाली.

"दाबायचं. आणि मग मारायचं," आचान हसून म्हणाल्या.

फिकुन मागे बाटल्या पुसत होती. तिला हसू आलं नाही.

इकडे खामसिंग घरी गेला. जखम भरली, डोळ्यांतलं पिवळं गेलं, डॉक्टर खूश. पण घरी आलेला माणूस खामसिंग नव्हता. ओट्यावर बसायचा तो बसूनच. ताटात काय आहे ते न बघता खायचा. हाक मारली तर जरा वेळाने वळायचा, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. थट्टा नाही, शिवी नाही. बुनथान मुद्दाम त्याच्या गाडीला नावं ठेवून गेला, तरी नाही.

एका रविवारी फिकुन त्याच्याजवळ बसून मिरच्या निवडत होती. तो आपणहून बोलला.

"ताई, तिथे ऊब असते गं."

"कुठे?"

"असते. अंधार असतो, आणि ऊब. सगळीकडे गुलाबी पाणी. मधूनच दार उघडतं, उजेड येतो, कुणीतरी उचलतं. मग गार लागतं जरा. पण जो उचलतो ना, त्याचा हात चांगला आहे."

फिकुनच्या हातातली मिरची हातातच राहिली. तिने त्याला लॅबमधलं कधीच काही सांगितलं नव्हतं. ते इन्क्युबेटर, ते उबदार काळोखाचं कपाट, त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

आई आत भात उपसत होती. तिने सगळं ऐकलं आणि तिच्यापुरता निकाल लावून टाकला. "याचा ख्वान तिकडेच राहिलाय," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

ख्वान म्हणजे जीव नव्हे. जीव गेला तर माणूस मरतो. ख्वान गेला तर माणूस असतो, पण नसतो. अपघात झाला, भूल दिली, मोठी दचक बसली की ख्वान अंगातून निसटतो आणि जिथे निसटला तिथेच घुटमळतो. मग घरच्या बायका मासे धरायची हातजाळी घेऊन त्या जागी जातात, त्याला हाका मारतात, जाळीत घेतात, माणसाच्या कपड्यात गुंडाळून घरी आणतात आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून अंगात कोंडतात.

आई सकाळच्या पहिल्या बसने हॉस्पिटलात आली, खांद्यावर जाळी. थिएटरच्या दाराशी पहारेकऱ्याने हात जोडले आणि म्हणाला, "आई, जरा भिंतीच्या बाजूने करा, इथून स्ट्रेचर जातात." आईने जाळी फरशीवरून हळूहळू ओढली. "ये रे खामसिंगच्या ख्वाना, ये. फरशीवर झोपू नकोस, पलंगाखाली दडू नकोस. घरी भात शिजलाय, ये." फिकुन बाजूला उभी होती, कोट काढून, चपला काढून.

घरी दोरा बांधला. मग उकडलेलं अंडं सोललं, कारण ख्वान आला की नाही ते अंडं सांगतं. अंड्याच्या एका अंगाला भलामोठा खळगा होता.

"नाही आला," आई म्हणाली. "तिथे नाहीच तो. दुसरीकडे नेलाय कुणीतरी."

कुणी नेला, कुठे नेला, कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर ठेवला, फिकुनला ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर आई त्याच पावली जाळी घेऊन लॅबच्या दारात उभी राहिली असती. आणि तिथेच तिचं पाऊल अडलं. त्या चकचकीत खोलीत, आचानसमोर, त्या शिकल्यासवरल्या पोरांसमोर मासे धरायची जाळी! बाटल्यांशी बोलणं वेगळं, ते हसण्यावारी जातं. तिला लाज वाटली. काय म्हणावं या लाजेला! भावाचा प्रश्न, आणि बाईला लाज वाटली.

पुढच्या सोमवारी पेशींना औषध द्यायचं होतं. आतला ख्वान घाबरेल, उधळेल, मग कुठे शोधायचा? म्हणून तिने आपल्या परीने एक तोड काढली. आईकडचा पांढरा दोरा आणला, लॅबच्या वाफेच्या कुकरमध्ये काचसामानाबरोबर निर्जंतुक केला आणि खामसिंगच्या बाटल्यांपैकी एकीच्या गळ्याला झाकणाखाली बांधला. "इथेच बस," ती पुटपुटली. "घाबरू नकोस खामसिंग. मी बघते पुढचं."

आता हे कुणा परक्याला कळणार नाही, पण त्या गावातल्या कुठल्याही म्हातारीने ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. दोरा बांधायचा तो माणसाच्या मनगटाला. जिथे बांधाल तिथे ख्वान राहतो. फिकुनने तो काचेला बांधला, वर नाव घेऊन बांधला.

औषध दिलं. बाकीच्या बाटल्यांतल्या पेशी गोळा होऊन तरंगल्या, आठवडाभरात सगळं साफ. दोरा बांधलेल्या बाटलीतल्या बऱ्याच मेल्या, पण तळाशी ठिपक्यांसारख्या थोड्या राहिल्या. त्या वाढल्या. पुन्हा औषध दिलं, वाढवून दिलं. त्या पुन्हा राहिल्या. आचान मायक्रोस्कोपवरून डोळा काढेनात. "अगं फिकुन, याच त्या! याच आपल्याला हव्या होत्या!" मग त्यांचं लक्ष गळ्याकडे गेलं. "हे काय?"

"खूण आहे, आचान."

आचानच्या स्वतःच्या मनगटाला नातवाच्या बारशातला दोरा होता. त्यांनी क्षणभर फिकुनकडे पाहिलं. "कुकर लावलास ना?"

"लावला, आचान."

"मग राहू दे."

तिकडे वॉर्डात तेच औषध सलाइनमधून खामसिंगच्या अंगात जात होतं आणि तिथेही त्याच हट्टाने काहीतरी मागे राहत होतं. पावसाळा सरता सरता डोळे पुन्हा पिवळे झाले. पोट फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, जवळ बसा.

घरी आणलं. भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. रीतीप्रमाणे सगळ्यांनी त्याची माफी मागितली, त्याला माफ केलं, सुखाने जा म्हणून सांगितलं. बुनथान रडत रडत म्हणाला, "तुझा चौदा नंबरचा पाना मीच चोरला होता रे." तरी खामसिंग जाईना. अन्न नाही, पाणी ओठाला लावण्यापुरतं, श्वास असा की पुढचा येतो की नाही, आणि प्रत्येक वेळी यायचा. दुखायचं तेव्हा ओरडायलाही त्राण नसायचं, नुसतं तोंड उघडायचं. असं बघवतं कुणाला? आईने तोंडात पदर कोंबला— पदर कसला, ती कमरेची लुगड्यासारखी गुंडाळी.

"कुणीतरी धरून ठेवलंय याला," ती म्हणाली. तिने त्याच्या मनगटांवरचे होते नव्हते तेवढे दोरे सोडवले. काही फरक नाही. "अजून एक आहे. कुठेतरी एक राहिलाय."

खामसिंगचा हात उठला. मनगटाकडे गेला नाही. गळ्याकडे गेला. बोटांनी तो गळ्याभोवती चाचपत राहिला, नखं रुतवत, जणू काही सोडवायचंय. कातडीवर काहीच नव्हतं.

"इथे," तो म्हणाला. मग डोळे फिरवून त्याने नेमकं फिकुनकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी तो नजरेत आला, तो जुना, चेष्टेखोर, दमलेला. "ताई, सोड ना गं आता."

फिकुनने आईचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. तुकडा, कपाट, बाटली, दोरा, लाज. आईने मारलं नाही, शिवी दिली नाही. तिच्याकडे बघत म्हणाली, "जा. बांधलंस तू, सोडायचंही तूच."

सकाळी लॅबमध्ये जाऊन तिने पहिल्यांदा दोरा कापला. पण दोरा कापून भागणार नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तळाशी त्या होत्याच, चिकटून, हट्टाने. आचानचा निरोप्याला गाठणारा थेंब त्याच आठवड्यात तयार झाला होता, आणि आधी औषध पचवलेली हीच बाटली त्यासाठी निवडली होती. तिने तो थेंब सोडला. जनुकाचं ओरडणं कुणाच्या कानी जाऊ नये म्हणून दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी औषध घातलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली.

नेहमी ती बाटल्यांशी बोलायची. त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. आधी कडेची एक पेशी आकसली, गोल झाली, आणि तिने तळ सोडला. मग शेजारची. मग पाच-दहा. भांडण नाही, ओढाताण नाही. पकडलेला हात सैल व्हावा तशा सुटत गेल्या. शेवटी तळ स्वच्छ, नुसती काच.

फोन आला तो गावाकडून, नात्यातल्या एका बाईचा. दोरा कापला त्या दिवसापासून खामसिंगने गळा चाचपणं थांबवलं होतं, घोटभर पाणी पोटात गेलं होतं, झोपही लागली होती. आणि आता तो गेला. किती वाजता गेला, ते फिकुनने विचारलं नाही. समोरची बाई सांगायला लागली तर तिने फोन बंद केला.

देवळाच्या आवारात दहन झालं. अस्थी नारळाच्या पाण्याने धुतल्या. गावात सांगून ठेवलं, आता काही दिवस कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही, हाक समजून मागे फिरेल. फिकुन ढसाढसा रडली आणि मग तिला हलकं वाटलं. सुटला एकदाचा. आपल्याच हाताने अडकवला होता, आपल्याच हाताने सोडवला. तिला वाटलं, संपलं.

लॅबमध्ये आली तर आचान धावत सामोऱ्या आल्या. आधी त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, भावाचं वाईट वाटल्याचं सांगितलं, त्यांचे डोळे भरले होते आणि ते खरं होतं. मग त्यांना राहवेना. "फिकुन, त्या बाटलीत एकही नाही उरली. एकही! इतका स्वच्छ निकाल मी आयुष्यात पाहिला नाही. पण एकदा होऊन चालत नाही, माहीत आहे ना तुला. पुन्हा करायला हवं, पुन्हा पुन्हा करायला हवं. टाकीतली एक कुपी काढ."

टाकी. कुठलीही नवी पेशी आली की पहिल्या महिन्यातच थोडी बर्फाहून गार टाकीत गोठवून ठेवायची, हे फिकुनचंच काम, झोपेत सुद्धा करेल असं. तिनेच त्या भरल्या होत्या. एक कप्पाभर कुप्या. एवढ्या महिन्यांत तिला त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"आचान," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या पेशी घेतल्या तर?"

"याच हव्यात. औषधाला दाद न देणाऱ्या यांच्यातूनच निघाल्या." आचानचा आवाज खाली आला. "वॉर्डात किती जण पडलेत बघ. तुझ्याच गावचा एक आलाय काल. बुनथान नावाचा."

फिकुनचा एक शब्द पुरला असता. हा माझा भाऊ आहे, असं म्हटलं की नियमाने ते काम तिच्याकडून काढलं असतं. मग त्या नव्या पोराने कुपी काढली असती, गप्पा मारत, कानात गाणी घालून. टाकीचं झाकण रात्रभर सैल ठेवलं तरी सगळं संपलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. ती हे सगळं विचार करत टाकीपर्यंत चालत गेली. वाटेत वॉर्डाच्या काचेतून बुनथान दिसला. पिवळा डोळा, हाताला सुई. त्याने तिला ओळखलं आणि लाजल्यासारखा हसला.

तिने जाड हातमोजे चढवले. झाकण उचललं. पांढरं धुकं टाकीच्या काठावरून खाली उतरलं, तिच्या गुडघ्यांभोवती फिरलं, फरशीवर पसरलं. आत हात घालून तिने कुपी उचलली, बोराएवढा बर्फ तळाशी असलेली, आणि कोमट पाण्यात धरून हळूहळू हलवू लागली. घाई करायची नसते. बर्फाच्या कडा विरघळल्या, मधला खडा लहान होत गेला. आतलं पाणी गुलाबी दिसायला लागलं.

फिकुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. नाव तिने घेतलं नाही.

"ऊठ रे," ती म्हणाली. "बुनथान थांबलाय."